वामनशेठचा कुबेर

"पण त्याचा गुन्हा तरी काय, बुवा?"

वामनशेठ सराफ कुंडाच्या पायरीवर उभे होते. हातात काचेची पेटी, पेटीत एक कासव. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू आणि मानेभोवती झेंडूची माळ. मान त्यानं केव्हाच आत ओढून घेतली होती, त्यामुळे माळ नुसतीच पाण्यावर तरंगत होती.

भिवाबुवा खालच्या पायरीवरचं शेवाळ खरवडत होते. डोंगरातलं ते महादेवाचं देऊळ आणि त्याच्यापुढचं कुंड, दोन्हींची देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी मान वर केली, पेटीत पाहिलं आणि त्यांना हसूच आवरेना.

"नवरदेव निघालाय कुठं?"

"चेष्टा नको, बुवा. माझा जीव टांगणीला लागलाय."

आणि खरंच लागला होता हो. शेठची एकुलती एक लेक शलाका नोकरीसाठी परदेशी गेली. आई नाही, बाप एकटा पडणार, म्हणून जाताना तिनं बाजारातून हे परदेशी कासव आणून त्यांच्या हातावर ठेवलं. "घरात बोलायला कुणीतरी असू दे, बाबा." तेव्हा ते रुपयाएवढं होतं. शेठनी त्याचं नाव ठेवलं कुबेर. खाऊनपिऊन कुबेर चांगला ताटलीएवढा झाला.

आणि आता नियम आला. परदेशी जनावरं घरात पाळायची नाहीत. वनखात्याचा माणूस दारात येऊन सांगून गेला, "आठवड्याच्या आत प्राण्यांच्या आश्रयकेंद्रात आणून द्या."

मग शेठनी शक्कल लढवली. कासव कुंडात सोडायचं. पुण्याचं पुण्य, कुबेर डोळ्यांसमोर, आणि देवाच्या दारातून त्याला न्यायची कुणाची छाती आहे!

"देवळात दगडाचं कासव असतं, बुवा. मी जिवंत वाहतोय."

"फारच मोठा दाता आहेस."

शेठना ते खरंच वाटलं. त्यांनी टोपी सारखी केली.

"आणि हा साधासुधा नाही बरं का. मला ओळखतो. हाक मारली की धावत येतो. पोटच्या पोरासारखा आहे."

बुवांनी खरवडणं थांबवलं.

"वामना, सोनं घेताना तू काय करतोस?"

"कसोटीवर घासून बघतो."

"विकणारा अगदी ओळखीतला असला तरी?"

"तरी बघतो. धंदा आहे."

"मग हेही बघू."

बुवा देवळाच्या मुदपाकखान्यातून मोठी परात घेऊन आले. तिच्यात पाणी ओतलं. कुबेरला मधोमध सोडलं. एका बाजूला शेठ बसले, दुसऱ्या बाजूला बुवा. कुबेरच्या खाऊचा डबा बुवांनी मागून घेतला.

"हं. मार हाक."

"कुबेर... ए कुबेर... इकडे बघ, राजा."

कुबेरनं मान बाहेर काढली. शेठचा चेहरा फुलला.

बुवांनी डबा खुळखुळवला.

कुबेर गर्रकन वळला आणि पाणी उडवत बुवांकडे निघाला. परातीच्या काठावर पुढचे दोन्ही पाय टेकून, तोंड वासून उभा राहिला. शेठकडे त्याची पाठ.

"मार ना अजून एकदा."

शेठनी काही हाक मारली नाही. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "घरी मीसुद्धा डबा वाजवूनच..."

मग मात्र त्यांचं पित्त खवळलं.

"हरामखोर! बदाम चारलेत ह्याला मी! जा म्हणावं आता कुंडात, माझा नि तुझा संबंध संपला!"

त्यांनी कुबेरला उचललंसुद्धा. बुवांनी मनगट धरलं.

"मघाशी पोटचा पोर होता. तेव्हाही कुंडात, आताही कुंडातच?"

शेठचा हात तिथंच थांबला.

"ठेव परातीत. आमची आजी भेटू दे त्याला."

काठावरच्या दगडावर एक म्हातारं कासव ऊन खात बसलं होतं. रंग शेवाळासारखा, पाठ खडबडीत. बुवांनी ते अलगद आणून कुबेरच्या शेजारी ठेवलं. शिळ्या भाकरीचे तुकडे परातीत टाकले.

आजीनं मान बाहेर काढली. एका तुकड्याकडे बघितलं. खावा की न खावा, असा तिचा विचार चालला.

तेवढ्यात कुबेरनं तो तुकडा गट्ट केला. मग दुसरा, मग तिसरा. परात साफ झाली तसा तो आजीच्या पाठीवर चढला आणि तिथं ऐसपैस बसला.

"बघितलंत?" शेठ राग विसरून ओरडले. "काय चपळाई! आहे का असा एक तरी तुमच्या कुंडात?"

"नाही बुवा, एकही नाही." बुवा मांडीवर थाप मारून हसले. "आता आजी काय खाईल, तेवढं सांग."

शेठनी रिकाम्या परातीत बोट फिरवून पाहिलं.

"कुबेरचं काही चुकलं?"

"त्याचं कसं चुकेल? भूक लागली, खाल्लं."

"आजीचं चुकलं?"

"तिनं काय केलंय बिचारीनं..."

"मग?"

शेठनी कुबेरकडे पाहिलं. त्याच्या पाठीवरचं कुंकू ओघळून आजीच्या पाठीवर उतरलं होतं. त्यांनी कुंडाकडे पाहिलं. काठच्या दगडांवर आजीची नातवंडं ऊन खात पडली होती. त्यांना कसलीच कल्पना नव्हती.

शेठनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्याचा गुन्हा नाहीच, बुवा. पण ही जागा त्याची नाही."

बुवा आजीला उचलून तिच्या दगडावर ठेवून आले. मग चिमूटभर राख घेऊन हात चोळू लागले आणि शेठच्या हातावरही राख ठेवून तांब्यानं पाणी ओतलं.

"घास चांगले. नखांतसुद्धा. कासवाच्या अंगावरनं पोटाचे रोग येतात. त्याला कुरवाळून ह्याच हातांनी जेवायला बसत असशील."

हात घासता घासता शेठना रडू फुटलं. हातावर राख, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"घर खायला उठेल हो, बुवा. संध्याकाळी दुकानातून आलो की त्याच्याशीच बोलतो मी. पोरीचा फोन येतो. ती विचारते, कुबेर कसा आहे. मी विचारतो, तू कधी येणार... मग ती गप्प बसते. मग मीच म्हणतो, कुबेर मजेत आहे."

बुवांनी आणखी एक तांब्या पाणी ओतलं. परातीत कुबेर काठावर नखं घासत होता.

"केंद्रात मी येतो तुझ्याबरोबर," बुवा म्हणाले. "हळदकुंकू धू आधी. आणि ती माळ राहू दे इथंच. तिथली माणसं विचारतील, नवरी कुठाय."

शेठना रडता रडता हसू आलं. त्यांनी पेटीतली भिजलेली माळ काढली, निथळली आणि बुवांच्याच गळ्यात घातली. बुवांनीही ती मिरवली.

दोघं निघाले. पेटी शेठच्या हातात, आत कुबेर. आवाराच्या उंबऱ्यापाशी शेठचा पाय अडखळला.

"येताना ही पेटी रिकामी असेल, बुवा. कशी बघवेल मला?"

"अंगणात ठेव. पाणी भरून. झाकण काढून टाक. कुबेर बसायचा तो दगड आतच असू दे, पाखरांना पाय टेकायला बरा."

"पाखरं येतील?"

"चिमण्या येतील. बुलबुल येतील. एखादी खार येईल."

शेठचे डोळे चमकले.

"रोज येतील ना पण?"

गळ्यातली माळ सावरत बुवा पायऱ्या उतरू लागले.

"पाणी भरून ठेव, वामना. परत कधी येणार, असं मात्र कुणाला विचारू नकोस."