हाकेआधी ओ

शिरभाटच्या वेशीवरचा हा दगडी क्रूस नीट बघून घ्या. फोटो काढायचा असेल तर लदीन सुरू व्हायच्या आधी काढा, नंतर कुणी काढू देणार नाही. उपवासकाळातल्या चौथ्या शुक्रवारी दिवस कलला की सगळा गाव इथे जमतो. लदीनमध्ये एकजण संतांची नावं घेतो आणि बाकीचे 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. आता एवढं तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात होतं, त्यात काय मोठंसं! पण शेवटचं नाव झालं की आमचा गाव क्रूसाकडे पाठ फिरवतो. हो, देवाकडे पाठ. म्हातारेकोतारे, कडेवर पोर घेतलेल्या बाया, खुद्द फादरसुद्धा. सगळे खाडीकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करतात आणि एका आवाजात म्हणतात, "ओ! ये, आत ये." हाक कुणी मारलेली नसते. तरी ओ देतात. मग बोटभर मेणबत्ती जळून विझेपर्यंत कुणी जागचं हलत नाही की तोंडातून शब्द काढत नाही.

मागे एका बाईंनी विचारलं होतं, ही कसल्या नाटकाची तालीम चाललीय का म्हणून. पाव्हण्या होत्या, काय बोलणार? तुम्हीही हसा हवं तर, पण आधी ऐका.

गोष्ट मरीच्या सालातली. गाठीचा ताप आला होता तेव्हाची. खाडीपलीकडची गावं ओस पडत चालली होती. सकाळी मयताला गेलेला माणूस दुसऱ्या सकाळी स्वतःच मयत, असे दिवस. आमच्या गावचे फादर कैतान खाडीकाठच्या झोपड्यांत आजाऱ्यांची सेवा करायला निघून गेले होते, आणि जाताना गाव सोपवून गेले होते इनास मेस्ताच्या हाती. मेस्त म्हणजे चर्चमध्ये गाणं सांगणारा. इनासचा आवाज असा होता म्हणे, की पानवेलीच्या वाडीत काम करणारी माणसं त्याची लदीन ऐकून हातातलं काम ठेवून उभी राहायची. बायको बाळंतपणात गेली, मागे एकच मुलगी राहिली, झाबेल. तिला त्याने एकट्याने वाढवली. बोलायला लागायच्या आधी ती लदीनला साथ द्यायला लागली, असं सांगतात. सगळ्यांच्या आधी तिचा बारीक आवाज चढायचा आणि इनासचा ऊर भरून यायचा. त्या वर्षी तिचं लग्न होऊन सव्वा वर्ष झालं होतं. सासर खाडीपलीकडे, पानेरीला.

फादर गेल्यावर इनासने गाव गोळा केला. वेशीवर बोरीबाभळीच्या काट्यांचं पुरुषभर उंच कुंपण घातलं. मग एकेकाला या क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की साथ सरेपर्यंत कुणी आत येणार नाही, कुणी बाहेर जाणार नाही. वर आणखी एक कलम जोडलं. बाहेरून कुणाची हाक आली तर ओ द्यायची नाही. मरी ओळखीच्या आवाजात हाक मारते, ओ दिली की तिला वाट मिळते, अशी समजूत होती तेव्हा. ती समजूत बायबलातली नव्हे, पण भ्यालेल्या माणसाला कुठलं काय ते कळत नाही. पहिला हात इनासनेच ठेवला. आणि रोज संध्याकाळी क्रूसापुढे लदीन म्हणायची असंही ठरलं. देव आपल्या बाजूला आहे, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

नवव्या संध्याकाळी लदीन चालू असताना कुंपणापलीकडून हाक आली. "बा!"

एकदाच आली, मग थोडं थांबून परत आली. इनासने एका क्षणात ओळखली. लेकीचा आवाज बापाला कळणार नाही तर कुणाला कळणार? पण शपथ पहिली त्याची होती. आपण ओ दिली तर उद्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या काट्यांपाशी उभं राहील, असं त्याने मनाला सांगितलं. खरं तर भीती होती, आणि भीतीहून मोठी लाज होती. सगळ्या गावाला ज्याने शपथ घातली त्यानेच ती मोडायची? त्याने पुढच्या संताचं नाव वरच्या पट्टीत घेतलं. लोकांनीही आवाज चढवला. हाक त्यात बुडून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. त्या दिवशी झाबेलने बापाला सोडून बाकीच्यांना हाका मारल्या. शेजारणींची नावं घेतली, मैत्रिणींची घेतली, बाप्तिस्म्याच्या आईचं नाव घेतलं. ज्यांची नावं ऐकू आली त्या बायका रडत होत्या, आणि रडता रडता गात होत्या. कुणी ओ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने हाका मारल्या नाहीत. इनासने पहिलं नाव घेतलं, लोकांनी 'ओरा प्रो नोबिस' म्हटलं, आणि काट्यांच्या पलीकडूनही कुणीतरी 'ओरा प्रो नोबिस' म्हटलं. घसा कोरडा पडलेला, शब्द अर्धे तुटलेले, पण म्हटलं. प्रत्येक नावाला म्हटलं. आपण परके नाही, मरी नाही, तुमच्यातल्याच आहोत, हे आणखी कसं सांगायचं बिचारीने?

रेमेत नावाची एक बाई होती, इनासची शेजारीण. ती गाता गाता थांबली. म्हणाली, "मेस्त, ही आपली झाबेल तर नव्हे?"

सगळा गाव गायचा थांबला आणि इनासकडे बघायला लागला. त्याने नुसतं 'होय' म्हटलं असतं तर चार माणसांनी ते कुंपण घटकेत उपसून टाकलं असतं. तेवढंच हवं होतं.

"झाबेल तिच्या घरी सुखरूप आहे," इनास म्हणाला. "हा सैतान आहे. त्यालाही लदीन पाठ असते."

मग त्याने असा आवाज लावला, की तसा त्याने आयुष्यात कधी लावला नव्हता. लोकांनीही लावला. कानठळ्या बसाव्यात अशी लदीन झाली त्या दिवशी. चौथ्या संध्याकाळी बाहेर सामसूम होती. सैतान हरला म्हणून इनासने आभाराचं गीत सांगितलं, आणि गावाने ते गुडघे टेकून म्हटलं.

पाचव्या दिवशी सकाळी वेशीबाहेरच्या भोकरीवर कावळे फार जमले. दोघांनी काटे थोडे बाजूला करून पाहिलं. झाबेल झाडाखाली पडलेली होती. दोन्ही तळहात काट्यांनी फाटलेले. सासरचं सगळं घर मरीने नेलं, तेव्हा शेवटच्या होडीने ती अलीकडे आली होती. तिच्यामागे होड्या बंद झाल्या, म्हणून परत जाता येईना. वेशीबाहेर सगळं खाजण, खारं पाणी. प्यायचं गोडं पाणी गावातल्या बावखलाच्या तळ्यात, काट्यांच्या आत. बायकांनी तिला धुतलं तेव्हा काख पाहिली, जांघ पाहिली. गाठ कुठेच नव्हती. तिला ताप नव्हताच. ती तहानेने मेली होती.

इनासने छाती बडवून घेतली. लोक त्याला धरून म्हणाले, मेस्त, तू फसलास, आम्हीही फसलो. त्याने मान हलवली. आपण फसलो नव्हतो, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. लोकांची कीव त्याने पदरात पाडून घेतली. चुकलं ते तिथे चुकलं, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची.

त्याच संध्याकाळी लदीनला उभे राहिले. इनासने नाव घेतलं, लोकांनी उत्तर दिलं, आणि सगळे थांबल्यावर, एक श्वास उशिरा, रस्त्याच्या बाजूने एका आवाजाने तेच उत्तर दिलं. कोरडं, अर्धं तुटलेलं. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. पुढच्या नावाला तेच, त्याच्या पुढच्या नावालाही तेच. तिला तर सकाळीच पुरली होती. सगळ्यांनी माती दिली होती.

दोन दिवसांनी रेमेतच्या कणगीमागे मेलेले उंदीर सापडले. काट्यांना उंदीर थोडाच विचारतो? मग रोज एका घरातून रडणं ऐकू यायला लागलं. संध्याकाळी लदीनला उभी राहणारी माणसं कमी होत गेली. साठांची चाळीस झाली, चाळिसांची पंचवीस. उत्तर देणारे आवाज विरळ होत गेले. तो मागून येणारा एक मात्र होता तेवढाच राहिला, कमी नाही, जास्त नाही. आणि लोक कमी झाले तसा तो जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला. लदीन बंद करावी असं सगळ्यांच्या मनात होतं, पण बंद केली तर काय होईल याचीही धास्ती होती. इनासचा घसा बसत बसत गेला. नावं घेताना तो रस्त्याकडे बघायचा नाही, क्रूसाकडे बघायचा. पुढे पुढे त्याला तिकडेही बघवेना.

एका संध्याकाळी लदीन अर्ध्यावर आली होती. आणि काट्यांपलीकडून हाक आली, "अरे, आहे का कुणी?" उशिराचा तो आवाज नव्हे, दुसराच. घोगरा, दमलेला, ओळखू न येणारा. सवयीने उरलेल्या माणसांनी आवाज चढवला. इनासने मात्र पुढचं नाव घेतलं नाही. त्याने क्रूसाकडे पाठ केली. भर लदीनमध्ये मेस्ताने असं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. घशातून नीट शब्द फुटत नव्हता, तरी तो रस्त्याच्या दिशेने म्हणाला, "ओ! ये, आत ये."

आणि नुसत्या हातांनी काटे उपसायला लागला.

बाहेर फादर कैतान होते. झोपड्यांतली माणसं संपली, तेव्हा मागे राहिलेल्या दोन आंधळ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून ते तीन कोस चालत आले होते. दाढी वाढलेली, आवाज बसलेला, त्यांना तरी कोण ओळखणार? इनासने आधी तिघांना पाणी पाजलं. कोण, कुठले, ते नंतर विचारलं. मग तो गावाकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तो आवाज झाबेलचा होता. मला पहिल्याच हाकेला कळलं होतं."

रेमेत तोवर गेली होती. तिला हे ऐकायला मिळालं नाही.

फादरांनी त्याचा पापांगीकार ऐकला, क्षमा दिली. प्रायश्चित्त मात्र सगळ्या गावाला दिलं. ते म्हणाले, "देवाने क्षमा केली. पण तिला ओ द्यायची राहिली आहे, ती दर वर्षी द्या. हाक यायची वाट बघू नका. वाट बघितलीत, तर पुन्हा गायला लागाल."

मरी लगेच थांबली का, असं सगळे विचारतात. नाही थांबली. आणखी अकरा माणसं गेली, त्यात इनासही गेला. त्याला भोकरीखाली लेकीशेजारी पुरलं. झाड आता नाही, तिथे वीजमंडळाचा खांब आहे. मागून येणारा तो आवाज मात्र ओ दिल्या दिवसापासून कुणी ऐकला नाही म्हणे. काहीजण म्हणतात, झाबेलला शांती मिळाली. जुनी माणसं एवढ्या खात्रीने बोलत नसत. त्यांचं म्हणणं, आपण ओ इतकी तडक देतो, की त्या आवाजाला मध्ये जागाच मिळत नाही. म्हणून शेवटच्या नावानंतर कुणी श्वाससुद्धा घेत नाही, बघालच तुम्ही.

आता गावात टॉवर उभे राहिलेत. फाटकावर रखवालदार, कोण येणार ते आधी मोबाईलवर कळवायचं, मग आत सोडायचं. पोरं परदेशी. लोक म्हणतात, आजच्या काळात धर्म ज्याने त्याने घरात ठेवावा. ठेवावा की, पण घराला दार असतं आणि दाराबाहेर माणूस असतो, त्याचं काय करायचं? मागच्या साथीत आम्ही याच वेशीवर बांबू आडवे टाकले. 'बाहेरच्यांना प्रवेश बंद' अशी पाटी लावली, आणि तिचा दोर नेमका क्रूसाच्या दगडाला बांधला. त्या वर्षी लदीन मोबाईलवर झाली. ओ द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे माईक बंद होते. एकानेही चालू केला नाही. ज्यांनी तेव्हा मोबाईल कानाशी धरला होता, ते काय ऐकलं ते सांगत नाहीत. विचारलं की उठून जातात.

आजही लदीन संपली की गाव रस्त्याकडे तोंड करतो, ओ देतो आणि मेणबत्ती विझेपर्यंत थांबतो. रस्त्यावर बहुतेक कुणी नसतं. कुणीच आलं नाही असं बघून आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पडू नये. पण दर वर्षी पडतो.