दुर्गव्वाचा ओटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. सांगणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं, म्हणून काही त्यांनी सांगायचं थांबवलं नाही. सावरटेंभी गावात दुर्गव्वा नावाची वडारीण राहत होती. ती वाळक्या दगडाला जीभ लावायची आणि त्याच्या पोटात माती आहे की नाही ते सांगायची, असं म्हणतात.

गावात पाण्याचे फार हाल होते. बाया ओढ्यातली वाळू उकरून वाटी वाटी पाणी भरायच्या. शेवटी गावाने बारव बांधायचं ठरवलं, म्हणजे खाली पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत जाणारी मोठी विहीर. काम मिळालं दुर्गव्वाच्या मुलाला, भीमाण्णाला. त्याचं ते पहिलंच मोठं काम होतं. काळा दगड डोंगरापलीकडे होता, आणि तांबडा दगड गावाला लागूनच. तांबडा दिसायला देखणा, छिन्नीला सहज कापला जाणारा. भीमाण्णाचं मन त्याच्यावर बसलं.

तसा तो आंधळेपणाने काम करणारा नव्हता. त्याने तांबड्या दगडाचा एक चिरा पावसाने भरलेल्या ओढ्यात बुडवून ठेवला. पावसाळा सरल्यावर काढला, तर चिरा जसाच्या तसा. सगळं गाव खूश झालं.

दुर्गव्वाने खाणीतला एक वाळका तुकडा जिभेला लावला. तो जिभेला चिकटला, म्हणजे पोटात माती होती.

"भीमा, ह्यो दगड लावू नगंस," ती म्हणाली.

"आये, पावसाळाभर पान्यात राहून बी फुटला न्हाई की."

"पान्यात ऱ्हाऊन न्हाईच फुटत त्यो. आता उन्हात वाळू दे, आन् मग परत पानी पाज. बारवंचं पानी उन्हाळ्यात उतरतंय, पावसाळ्यात चढतंय. दगडाला दोन्ही सोसाया पायजे."

भीमाण्णाला हे पटलं नाही असं नाही. पण बाया रिकाम्या घागरी घेऊन वाट बघत होत्या आणि गाव रोज दारात येऊन उभं राहत होतं. त्याने तांबडाच दगड लावला. इथे मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

बारव झाली, पाणी गोड लागलं. दुर्गव्वा मात्र रोज खाली उतरून भिंतीवरून हात फिरवायची. म्हातारी भिंत गोंजारते म्हणून लोक हसायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि उघडी पडलेली भिंत कडकडीत वाळली. मग पाऊस आला, पाणी पुन्हा चढलं. एका सकाळी बाया पाणी भरत असताना भिंतीतून बारीक तडतड ऐकू आली, पापड भाजताना येते तशी. चिरे फुगले, त्यांचे पापुद्रे सुटू लागले.

"समद्या वर चला," दुर्गव्वा म्हणाली, आणि त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिची पाठ टेकलेली होती तोवर एकही चिरा हलला नाही, असं म्हणतात. लेकुरवाळ्या वर आल्या, पोटुश्या आल्या, सगळ्यांत शेवटी भीमाण्णाची बायको आली. भीमाण्णा आईला आणायला धावला.

"थांब तितंच," ती म्हणाली. "तुज्या भिंतीखाली कुनाचं लेकरू गेलं न्हाई, असं लोकांनी म्हनाया पायजे."

मग भिंत तिच्यावर आली.

भीमाण्णाने बारव पुन्हा बांधली, डोंगरापलीकडच्या काळ्या दगडाची. प्रत्येक चिरा त्याने भिजवला, वाळवला, पुन्हा भिजवला. बारवेच्या काठावर त्याने आईच्या नावाचा एक ओटा बांधला, मागे टेकायला भिंत असलेला.

आजही सावरटेंभीत घर बांधायचं असलं की दगड आधी त्या काठावर आणतात. भिजवतात, सुकवतात, पुन्हा भिजवतात. घाई करणाऱ्याला म्हातारे विचारतात, "दुर्गव्वाला दाखवलास का?" टिकलेला दगड घराला जातो. फुटून माती झालेला कुणी फेकत नाही. त्या मातीने दुर्गव्वाचा ओटा सारवतात, आणि ज्या घरचा दगड फुटला त्या घरच्या बाईनेच तो सारवायचा असतो. सारवून झालं की ती ओल्या भिंतीला घटकाभर पाठ टेकून बसते. लुगड्याला तांबडी माती लागते. ती झटकायची नसते.