आकाराचा आकार

ऑनलाइन बाजार भरवणाऱ्या एका कंपनीत सबनीस साहेबांची मोठी हवा होती. विक्रेत्यांची गाऱ्हाणी ऐकायला म्हणून ते जळगावला आले आणि हॉलमध्ये तासभर स्वतःच बोलले.

मग फैजपूरच्या कौशल्याताई बोरोले उठल्या. त्या या बाजारात कुरडया विकत.

"साहेब, माझ्या कुरडया भरतात अर्धा किलो. पोचवायचा आकार मात्र तुम्ही दोन किलोचा लावता. असं कसं?"

साहेब बालवाडीतल्या पोराला समजवावं तसं हसले. "ताई, आम्ही माल तोलत नाही, खोकं मोजतो. गाडीत जागा खोकं अडवतं. आत कुरडई आहे की हवा, कंपनीला दोन्ही सारखंच."

"म्हणजे आकार बघून आकार लावता. पटलं," ताई म्हणाल्या. "आता दुसरं. मागच्या महिन्यात माझं खोकं वाटेत कुणीतरी फोडलं आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला ते रिकामं मिळालं. त्याचे पैसे तुम्ही माझ्याकडून कापलेत."

"कापणारच ना. आत नुसती हवा होती."

"हो, पण कंपनीला दोन्ही सारखंच ना, साहेब?"

सगळा हॉल हसला. कापलेले पैसे आठवड्याभरात ताईंच्या खात्यावर परत आले.

साहेबांची हवा मात्र तिथेच गेली. तोलली असती तर काहीच भरली नसती, पण खोकं बरंच मोठं लागलं असतं.