शेवंतीच्या वाफ्याचा काठ

अवजारे आपापसांत बोलत असत, त्या काळी लिंबाजी माळ्याच्या बागेत हिरवळीतली हरळी शेवंतीच्या वाफ्यात शिरू लागली.

"माझ्या एका घावात घमेलंभर माती निघते," खोलगट फावडे सपाट पात्याच्या जुन्या फावड्याला म्हणाले. "म्हाताऱ्या, तुझ्याच्याने नखभर तरी निघेल का?"



हरळी अडवण्यासाठी वाफ्याचा काठ कापायला माळ्याने खोलगट फावडे घेतले. काठ उतरता झाला, शेवंतीची चार रोपे मुळांसकट उपटली गेली आणि आठवड्यात हरळी त्याच उतारावरून परत आली.

मग त्याने काठावर दोरी ताणली आणि सपाट फावडे तिच्यालगत उभे धरून पायाने दाबले. काठ सरळ खाली कापला गेला. हरळीची मुळे तिथवर आली आणि उघडी पडून वाळली.

"एवढीशीच माती काढलीस?" खोलगट फावड्याने विचारले.

"बाकीची शेवंतीला लागते, बाबा."