गुंफणचा जुना कंपायलर

"मग जुना पुसून टाकू का, बाई?"

सन्मती मगदूमनं हे विचारलं तेव्हा त्याचं बोट कीबोर्डवर जाऊन बसलेलंच होतं. विचारायचं म्हणून विचारलं, एवढंच.

ओगलेबाई खिडकीपाशी बसून पदराच्या टोकानं चष्मा पुसत होत्या.

"नव्यानं स्वतःला घडवून दाखवलं?"

"दाखवलं."

"दोनदा?"

"एकदा. काही कुरकुर नाही केली त्यानं. दुसऱ्यांदा कशाला?"

बाई चष्मा पुसत राहिल्या...

मिरजेतलं हे घर लहानसंच, पण रविवारी सकाळी तिथं जमणाऱ्या मंडळींना ते देवळासारखं होतं. गुंफण ही संगणकाची भाषा बाईंनी तिथंच बसून तयार केली. शाळेतल्या मुलांना मराठी शब्दांत प्रोग्राम लिहिता यावेत, एवढीच त्यांची इच्छा. मुलांनी लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देतो, तो गुंफणचा कंपायलर. आणि गंमत अशी, की हा कंपायलरसुद्धा बाईंनी गुंफणमध्येच लिहिला होता. त्यात काही दुरुस्ती केली की ती उतरवून द्यायला आधीचा कंपायलरच लागायचा. नवा घडायचा तो नेहमी जुन्याच्या हातून.

म्हणून त्या घरात एक रीत होती. नव्यानं आधी स्वतःला घडवायचं. जो घडेल त्यानं पुन्हा स्वतःला घडवायचं. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले तरच जुन्याला रजा. आणि रजा देण्याआधी हात जोडून त्याचे आभार मानायचे.

मोठमोठ्या कंपन्यांतली माणसंही तिथं येऊन त्या काळ्या पडद्याला मुकाट्यानं हात जोडत. सन्मतीला मात्र हसू आवरायचं नाही.

पोरगा हुशार, यात वाद नाही. बाईंचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी गुंफणचा सगळा कारभार त्याच्या हाती दिला, तो काही उगाच नाही. पण हुशारीबरोबर जे येतं तेही त्याच्याकडे मुबलक होतं.

वर्षभर बाईंनी त्याला बारीकसारीक दुरुस्त्याच करायला लावल्या. शेवटच्या ओळीनंतर एंटर मारला नसला की कंपायलर ती ओळच गिळून टाकायचा, ते नीट कर. चूक असायची एका ओळीत आणि हा बोट दाखवायचा खालच्या ओळीकडे, ते बघ. ऋण संख्येला भागताना गडबडायचा, तेही बघ. सन्मतीनं सगळं निस्तरलं. वर स्वतःच्या डोक्यातून एक सुधारणाही केली. प्रोग्राममधलं जे कुठं वापरलंच जात नाही ते नव्या कंपायलरनं आपणहून काढून टाकायचं. प्रोग्राम हलका होतो, पळतोही झकास.

एवढं करून बाईंनी जाहीर करायला मजकूर काय सांगावा? 'नेहमीच्या दुरुस्त्या आणि सुधारणा.'

नेहमीच्या! हा शब्द त्याला सकाळपासून टोचत होता.

"आभार मानलेस का रे?" बाईंनी विचारलं.

"कुणाचे? ज्याला साधी शेवटची ओळ दिसत नाही, त्याचे?"

बाईंनी चष्मा उजेडात धरून पाहिला.

"राग मानू नका, बाई. वर्षभर मी याचीच घाण काढतोय. यानंच माझे आभार मानायला पाहिजेत."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"कारभार तुझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या.

सन्मतीनं जुना कंपायलर पुसला. बाईंच्या मशीनवरचा पुसला, स्वतःच्या लॅपटॉपवरचा पुसला. गुंफणच्या साइटवर आधीच्या साऱ्या आवृत्त्या ठेवलेल्या होत्या, उद्या कुणी चुकून त्यातलीच एखादी उचलायला नको, म्हणून त्याही पुसल्या. जपून ठेवलेल्या प्रतीही गेल्या. सगळीकडे नव्यानं स्वतःच घडवलेला तेवढा बसवला; जुन्याच्या हातून घडलेला पहिला नवाही त्याच्याखाली पुसला गेला. घर झाडून काढल्यासारखं त्याला बरं वाटलं.

"आता बघा हं, बाई."

त्यानं दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि कंपायलरला दिला.

काहीच झालं नाही.

पुन्हा दिला. कंपायलर उघडला आणि हूं की चूं न करता मिटला.

घोळ सापडायला वेळ लागला नाही. म्हटलं ना, पोरगा हुशार. नव्यानं स्वतःला घडवताना स्वतःचाच एक भाग बिनकामाचा समजून काढून टाकला होता. समोरची फाइल उघडणारा तो भाग. तो आडवाटेनं बोलावला जायचा, त्यामुळे कुठं वापरात दिसायचा नाही, इतकंच. रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा घडवायला बसवला असता तर हे तिथंच उघडं पडलं असतं.

सन्मतीनं एक ओळ बदलली. घोळ मिटला.

आणि मग त्याचे हात जागच्या जागी थांबले.

"बाई..."

"काय रे?"

"दुरुस्ती झालीय. पण... ती उतरवून द्यायला कुणीच नाही."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

सगळ्या शाळा गुंफण आता साइटवरच वापरत. तशी सोयही त्यानंच करून दिली होती, म्हणजे कुणाला कंपायलर स्वतःकडे ठेवायची गरज नको. उद्या सोमवार. शाळा भरतील, पोरं प्रोग्राम लिहितील आणि पडदा गप्प बसेल. बाईंचं निम्मं आयुष्य ज्यात गेलं ते त्यांच्याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं मातीत घातलं होतं. आणि बाई एका शब्दानंही त्याला बोलत नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"कुणाकडेच नाही?" बाईंनी विचारलं.

त्यानं शाळांची यादी उघडली आणि एकेक नाव खाली सरकवत गेला.

"एकाकडे असेल," तो शेवटी म्हणाला. "होनमोरे सरांकडे."

जतकडच्या एका शाळेत होनमोरे सर गणित शिकवत. तिकडं इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून कंपायलर त्यांनी शाळेच्या मशीनवरच राहू दिला होता. तोही बराच जुना. वर्षभरातल्या बहुतेक तक्रारी त्यांच्याच. शेवटची ओळ गिळली जाते हे त्यांनीच कळवलं, बोट चुकीच्या ओळीकडे जातं हेही त्यांनीच. प्रत्येक तक्रारीबरोबर पोरांचा प्रोग्राम जोडलेला आणि खाली 'सवडीनं बघावे'.

"मग लाव की फोन."

"बाई, मी त्यांना फार तोडून लिहिलं होतं. आधी तो जुना टाकून द्या, मगच तक्रारी करा, असं."

बाईंनी फोन त्याच्याकडे सरकवला.

त्यानं तो लावला. कान तापले होते.

"अहो, मगदूम सर!" पलीकडून इतका आनंदी आवाज आला की सन्मतीला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमी सवता फोन केला! रागावू नका हं सर, तुमी सांगूनबी आमी अजून नवा घेतला न्हाई. नेट आलं की घेतोच बघा."

"नको, सर! घेऊ नका. तो जुना... तो मला हवाय. पाठवाल?"

"पाठवतो की. त्यात काय एवढं? आज रविवार, शाळा बंद हाय. पण किल्ली माज्याकडंच असती. जेवाय बसलो होतो, ताट झाकून ठेवतो आन् जाऊन येतो."

"लवकर पाठवा," सन्मती म्हणाला आणि फोन कट केला.

मग वाट पाहणं सुरू झालं. बाईंनी त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. त्यानं चमचाही उचलला नाही. भर दुपारी एक माणूस जेवणावरून उठून, उन्हातनं शाळेकडे निघाला असेल, आणि का, हे त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

फाइल आली. सन्मतीनं ती उघडली.

जुना कंपायलर सुरू झाला. सन्मतीच्या जिवात जीव आला. तो नवं सगळं त्याच्यापुढं ठेवणार, इतक्यात थबकला.

याला शेवटची ओळ दिसत नाही.

नव्या कंपायलरच्या फायली पुष्कळ होत्या. सन्मतीनं एकेक फाइल उघडली, तिच्या अगदी तळाशी गेला आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर मारला. मग पुढची फाइल. मग तिच्या पुढची. ज्याच्या नावानं सकाळी नाक मुरडलं त्याला सोसेल असं तो आता सगळं मांडून देत होता, वय झालेल्या माणसाला भात मऊ करून वाढावा तसं. घाई करावीशी वाटेना.

बाई खिडकीपासून उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

जुन्यानं काम सुरू केलं. संथपणे, आपल्या चालीनं. शेवटची ओळ न दिसणाऱ्यानं शेवटची ओळ दिसणारा घडवला. भलतीकडे बोट दाखवणाऱ्यानं नेमकं बोट दाखवणारा घडवला. ऋण संख्येला भागताना अडखळणाऱ्यानं तिथं न अडखळणारा घडवला. स्वतःचं एकही उणं त्यानं नव्याच्या अंगी लागू दिलं नाही.

मग नव्यानं स्वतःला घडवलं. घडलेल्यानं पुन्हा घडवलं. सन्मतीनं दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिले.

तंतोतंत सारखे.

सन्मतीचे डोळे भरून आले. वर्षभर ज्याच्या चुका वेचत बसलो त्यानंच आपल्याला आज तारलं. आणि त्या चुका नसत्या तर आपण काय शिकलो असतो? फाइल कशी उघडते, ओळ कुठं संपते, शून्याच्या खाली गेल्यावर आकडे कसे वागतात, हे सगळं याच्याच चुकांनी शिकवलं. बाईंनी त्याला कामं दिली नव्हती, एकेक करून धडे दिले होते, हे त्याच्या आज ध्यानात आलं. त्यानं वळून बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, तुम्ही होता म्हणून..."

"ऊठ," बाई म्हणाल्या. "रजा द्यायची राहिलीय ना अजून?"

तो पडद्याकडे वळला. या वेळी त्याला हसू आलं नाही. त्यानं हात जोडले, डोळे मिटले. बराच वेळ तसाच बसून राहिला...

मग हात खाली घेतले. काहीतरी राहून गेल्यासारखं त्याला वाटत होतं.

"बाई, मनापासून आभार मानले मी याचे. पण याला कुठं ऐकू येतंय?"

"होनमोरे सरांना येतं."