चिंचणगडच्या राजाची विहीर

विहिरीला पाणी लागलं आणि मजुरीला पाय फुटले!

चिंचणगडच्या राजेसाहेबांनी आमराईत नवी विहीर खणायचा ठेका एका मुकादमाला दिला होता. त्याने ठेक्याची सगळी रक्कम दरबारातून उचलली, घोड्यावर बसला आणि जो गेला तो गेला. मागे राहिले वडार. उन्हाळाभर त्यांनी पहारी चालवल्या, टोपल्या टोपल्यांनी माती वर काढली, आणि हातात छदाम नाही. पाऊस लागायच्या आत पुढच्या कामाचं गाव गाठायचं होतं. वाटेत पोराबाळांना खायला काय घालणार?

त्यांच्यात बोलायला खमकी यल्लव्वा. ती सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, आमची मजुरी?"

"दिली की."

"कुणाला जी?"

"मुकादमाला. दिवाणजींच्या समोर दिली."

"त्यो तर पळाला."

"मग त्याच्यामागे पळ. माझ्यामागे काय लागलीस?"

आता राजेसाहेब माणूस वाईट नव्हते हो. नुसते हट्टी होते. एकदा तोंडातून 'नाही' निघालं की ते परत गिळणं म्हणजे त्यांना एरंडेल.

यल्लव्वा जागची हलली नाही. "मुकादमाचं गाव आमास्नी ठावं न्हाई. इहीर ठावी हाय. आमचा घाम तिच्यात हाय, तवा मजुरी बी तिच्यातच हाय. ती मिळंस्तवर आमी काठावरनं उठणार न्हाई."

राजेसाहेब भडकले. दुसऱ्याच दिवशी लेकीचे होणारे सासरे, म्हणजे त्यांचे व्याही यायचे होते. त्यांना ही विहीर दाखवून मिशीला पीळ भरायचा बेत होता, आणि काठावर वडारांची चूल पेटलेली!

"तुझं विहिरीत आहे काय? जमीन माझी, माती माझी, दगड माझा, पाणीही माझं. यातून तुझं काही उरत असेल तर उद्या सकाळी खुशाल घेऊन जा. पण माझा एक खडा, पाण्याचा एक थेंब जरी बाहेर गेला, तर सगळ्यांना कोठडीत टाकीन!"

दिवाणजी मिशीत हसले. यल्लव्वाने एवढंच विचारलं, "आमचं असंल त्ये न्यायचं, तुमचं असंल त्ये ठिवायचं. सरकारांचा सबूद?"

"शब्द दिला."

सकाळी राजेसाहेब दाढीला बसले होते. अर्धी झाली असेल नसेल, तोच आमराईतून धबाधबा आवाज यायला लागला. पागोटं कसंबसं डोक्यावर ठेवून तसेच धावत सुटले. बघतात तर काय, विहिरीतून निघालेल्या मातीच्या ढिगापासून काठापर्यंत वडारांची रांग लागलेली, आणि टोपलीमागून टोपली विहिरीत रिकामी होतेय.

"अरे थांबा! हे काय चाललंय?"

"सरकारांची माती सरकारांच्या जमिनीत घालतोय," यल्लव्वा म्हणाली. "एक खडा भाईर न्हाई जायचा. दिवाणजीस्नी हुबं करा पायजे तर."

"अगं, पण विहीर बुजेल!"

"बुजंल की. माती तुमची, दगड तुमचा. पाणी बी तुमचं, त्ये खाली हुतं तितंच हाय. पर आमी आलो तवा हितं सपाट भुई हुती. खड्डा आमी आनला. आमचा खड्डा तेवढा घिऊन चाललो."

राजेसाहेबांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी झाडावरच्या कैऱ्या बघत होते.

"असं काय? मग ही विहीर मी लेकीला आंदण देऊन टाकतो. माग तिच्या सासऱ्याकडे!"

"द्या की जी. आमचा खड्डा तिच्यात हाय तवर इहीर जाईल तितं आमी बी जाणार. आंदणात आमची बिऱ्हाडं बी लिवा."

तेवढ्यात लांबून व्याह्यांची तुतारी ऐकू आली. राजेसाहेबांच्या अर्ध्या दाढीला घाम फुटला.

"टोपल्या खाली ठेवा! दिवाणजी, यांची मजुरी आणा, पळा!"

मजुरी हातात पडली तेव्हा राजेसाहेब कुरकुरले, "एका विहिरीचे मी दोनदा पैसे दिले."

"आमास्नी तर आज पयल्यांदाच मिळालं, सरकार."

वडार हसत विहिरीत उतरले आणि टाकलेली माती त्यांनी भराभर वर काढली. व्याही आले तेव्हा विहीर होती तशी झाली होती. फक्त काठावर सगळीकडे वडार दम खात ऐसपैस बसलेले.

व्याह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा राजाकडे. "विहीर झकास आहे. पण ही आहे तरी कुणाची?"

राजेसाहेब तोंड उघडणार तोच त्यांची नजर यल्लव्वाकडे गेली. तिने पदर सावरला. म्हणाली, "आज सकाळधरनं सरकारांची."

राजेसाहेब जे हसत सुटले ते पोट धरून काठावरच बसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी यल्लव्वाला दिलं, वाटेसाठी धान्याच्या गाड्या भरून दिल्या आणि गावात दवंडी पिटवली, की इथून पुढे मजुरांनी 'पोचलं' म्हटल्याशिवाय मुकादमाला पुरते पैसे मिळणार नाहीत. मात्र मजुरी पोचली नाही तर मजुरांनीही काठावरचा मातीचा ढीग हलवला जायच्या आत ओरडायचं, मागाहून नाही.

आणि हसता हसता त्यांचं पागोटं विहिरीत पडलं होतं, ते काढायला एक वडार निघाला. राजेसाहेबांनी त्याला थांबवलं, काठावरच त्याच्या हातात रुपया ठेवला आणि म्हणाले, "हं, आता उतर."