शोभेची खूण

"मग चूक कुठं आहे, ते तरी सांगा ना बुवा!"

शार्दूलनं तिसऱ्यांदा विचारलं. बुवा मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बुवा आंधळे. टेकडीवरच्या मठात एकटेच. शार्दूल कॉम्प्युटर शिकलेला. स्वतःला बुवांचा शिष्य म्हणवून घ्यायचा आणि वर्षातून दोनदा उगवायचा. असे शिष्य बुवांना पुष्कळ. मठ रिकामा असतो तो त्यांच्यामुळेच.

या खेपेला त्यानं घोंगडी विणणाऱ्यांवरचं एक जुनं पुस्तक अंध वाचकांसाठी तयार करून आणलं होतं. फोननं मोठ्यानं वाचायचं, माणसानं ऐकायचं. बुवांनी ऐकून होकार दिला की उद्या ते जिल्हाभर जाणार, वर शार्दूलचं नाव. म्हणून स्वारी फुगलेली.

"दोनशे पानं! एक काना-मात्रा चुकलेली नाही."

"बारावं पान पुन्हा लाव."

फोनमधली बाई बोलू लागली, "शेजारच्या छायाचित्रात मागावर बसलेले मालोबा आणि त्यांच्या पत्नी ठकूबाई दिसतात. लोकर धुण्याची रीत. प्रथम पाणी कोमट करावे..."

"थांबव तिला. दिसतात म्हणाली... कुठं दिसतात?"

"तिथं फोटो आहे बुवा. मी सगळ्या फोटोंना शोभेची खूण केलीय, म्हणजे नुसती सजावट. खूण केली की फोन ते गाळतो आणि पुढं जातो. न दिसणाऱ्याला फोटोचं काय? तेवढाच तुमचा वेळ वाचतो."

"हे बेस केलंस," बुवा म्हणाले. "मला कुठं मरायची फुरसत!"

मांजरानं जांभई दिली.

बुवांनी चाचपत स्टो पेटवला. चहा केला. एक कप स्वतःपुढं घेतला, एक बशी दूध मांजरापुढं सरकवली. शार्दूलपुढं काहीच नाही.

"काय गं," ते मांजराला म्हणाले, "आजपण कुणी फिरकलं नाही बघ."

शार्दूल खाकरला.

"वारा सुटलाय वाटतं," बुवा मांजराला म्हणाले.

"बुवा, मी बसलोय ना इथं!"

"आहेस होय? ... गाळला गेलास बघ."

शार्दूलचं तोंड उतरलं. त्यानं फोन उचलला, तो फोटो उघडला. फोटोकडं बघितलं. बुवांकडं बघितलं. पुन्हा फोटोकडं.

"बुवा... मालोबा म्हणजे तुम्ही?"

"डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. हात मात्र चालत होते." बुवांनी चहाचा घोट घेतला. "ठकूला जाऊन अकरा झाली. फोटो काढला एवढंच मला ठाऊक. पुढचं तू सांग."

"तुम्ही मागावर. ताठ बसलाय. फार गंभीर. डोक्याला..."

"माझं राहू दे रे."

"त्या तुमच्या मागं उभ्या आहेत. कपाळावर ठसठशीत कुंकू. काखेत लोकरीचा गुंडा. आणि... हसू दाबतायत."

"का?"

शार्दूल अडखळला.

"सांग की."

"त्यांनी तुमच्या डोक्यामागं दोन बोटं धरलीत. उभी. बैलाच्या शिंगांसारखी."

...

बुवांचा हात हळूहळू वर गेला. डोक्यामागं, हवेत चाचपत राहिला. तिथं काहीच नव्हतं. तरी हात बराच वेळ तिथंच होता.

मांजर दूध संपवून निघून गेलं.

"बुवा," शार्दूल अगदी हळू म्हणाला, "पुस्तक उद्या नको ना पाठवू?"

बुवांनी आपला उरलेला चहा चाचपून त्याच्यापुढं सरकवला.

"आता ठकूला लावून दाखव तुझी शोभेची खूण."